ताईच्या ताणाची वही

लॅबमध्ये तिला सगळे मोडबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते नाव आवडायचं. एकतीस वर्षं तिनं वस्तू मोडण्याचा पगार घेतला होता. पुलाच्या सळया, लिफ्टचे तारदोर, क्रेनच्या साखळ्या, काँक्रीटचे ठोकळे, जे जे म्हणून माणसांच्या डोक्यावर टांगलं जाणार किंवा पायाखाली येणार, त्याचा एक तुकडा आधी तिच्याकडे यायचा. सळई असेल तर ती मशीनच्या दोन पकडींत आवळायची आणि तुटेस्तोवर खेचायची. तुटताना असा काही आवाज व्हायचा की नवा माणूस कानांवर हात ठेवून भिंतीला चिकटायचा. ही बाई तबकडीवरची नजर न हलवता म्हणायची, "हं. लिहा."

तबकडीवर दोन काटे असतात. काळा काटा भाराबरोबर पुढे सरकतो आणि तुकडा तुटला की धाडकन शून्यावर येतो. लाल काट्याला काळ्यानं जिथवर ढकललं तिथंच तो थांबून राहतो. तो आकडा वहीत जातो. तुकडा कुठला, जाडी किती, किती भाराला तुटला, कुठे तुटला, तुटलेलं तोंड कसं दिसतं, असे रकाने, शेवटी शेरा आणि पानाच्या तळाला चाचणी घेणाऱ्याची सही.

शेऱ्याच्या रकान्यावरून तिनं आजवर किमान सात जणांना रडवलं असेल. ती नोकरीला लागली तेव्हाच्या म्हाताऱ्या साहेबांनी तिला एक गोष्ट बजावली होती: शेऱ्यात कारण लिहायचं नाही. दिसलं ते लिहायचं. कारण लिहिलं की माणूस बघायचं थांबतो. एकदा एका पदवीधर इंजिनिअरनं झोकात "माल हलका" असं लिहून ठेवलं. हिनं वही त्याच्या समोर धरली. "हलका? तुम्ही कारखान्यात जाऊन बघून आलात?" त्याची ततपप झाली. नंतर कळलं, माल चांगला होता, मशीनच्या पकडीचा दात झिजून सळईवर ओरखडा पडत होता. हलका माल म्हणे! डोळे काय खिशात ठेवले होते?

लॅबचा दुसरा नियम बाराचा. कुठल्याही गोष्टीबद्दल छातीठोक बोलायचं तर बारा नोंदी हव्यात. अकरा असतील तर गप्प बसायचं आणि बारावा तुकडा मोडायचा.

असल्या बाईच्या घरात 'ताण' हा शब्द शिरला, तो ताईच्या जबड्यातून.

घरात दोघीच. मोडबाई नऊ वर्षांची आणि ताई अठराची असताना आई गेली. ताईनं शिक्षण सोडलं, एका रोपवाटिकेत कामाला लागली आणि धाकटीला वाढवलं. फी भरली, वेण्या घातल्या, परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभी राहिली, आणि यातलं एक अक्षरही पुढच्या त्रेचाळीस वर्षांत कधी बोलून दाखवलं नाही. एकसष्टाव्या वर्षीही ती त्याच रोपवाटिकेत होती. दोन्ही हातांत दहा-दहा लिटरच्या झाऱ्या घेऊन रोपांच्या रांगांमधून हिंडायची आणि संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत चढून यायची. चोपन्न पायऱ्या. लिफ्ट नाही. जगातल्या लिफ्टचे दोर तपासणारीच्या नशिबी जिना, असं ताईच म्हणायची आणि स्वतःच हसायची.

एके दिवशी ती जिन्यात थांबली आणि खालचा जबडा चोळायला लागली. पुन्हा दोन दिवसांनी तेच. मग डावा कोपरही दुखायला लागला. शिवाय थकवा. "दमले गं बाई," ती आल्या आल्या खुर्चीत बसून म्हणायची. मोडबाई म्हणायची, "वय झालं तुझं आता. झाऱ्या भरून घ्यायच्या थांबव." असं ती बऱ्याचदा म्हणाली.

जबडा दुखतो म्हणून आधी दातांच्या डॉक्टरकडे. त्यानं एक्स-रे काढला, दात उत्तम म्हणाला, आणि म्हणाला, "झोपेत दात खाताय तुम्ही. ताण असेल." दातांवर चढवायची प्लास्टिकची एक खोळ दिली. ताई इमानेइतबारे ती घालून झोपायची आणि सकाळी बोबडं बोलायची. मग कोपरासाठी व्यायाम शिकवणारी बाई. तिनं मान इकडे वळवली, तिकडे वळवली. "मानेच्या स्नायूंवर ताण आलाय." शेकायची पिशवी आणि सहा व्यायाम. मग गल्लीच्या कोपऱ्यावरचा डॉक्टर. त्यानं पलंगावर झोपवून, छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली, पट्टी बघून मान डोलावली आणि म्हणाला, "ताण आहे." झोपेच्या गोळ्या. वर एका समुपदेशक बाईंचा पत्ता. त्या बाईंनी ताईला सांगितलं की डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या आणि मनात साचलेलं बाहेर येऊ द्या. ताई म्हणाली, "बाहेर काही आलं नाही गं. शेवटी त्यांना वाईट वाटायला नको म्हणून मी थोडी रडले."

सात आठवडे हा खेळ चालला. सात! आणि दुखणं होतं तिथंच, जिन्यात.

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे, पदार्थविज्ञानाचे. ताई जिन्यात थांबते हे बघून त्यांनी आपल्या दाराबाहेर एक स्टूल आणून ठेवलं होतं. त्या स्टुलावर ताई, उंबऱ्यात मास्तर आणि कठड्याला टेकून फणफणणारी मोडबाई अशी एका संध्याकाळी सभा भरली.

"माझ्याकडे ताण म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ," मोडबाई म्हणाली. "बास. आकडा येतो. त्या आकड्यावर पूल उभा राहतो. आणि हे लोक तोच शब्द असा वाटत सुटलेत, जसा काही फुकटचा माल!"

"अहो, शब्द काय तुमच्या एकट्याच्या मालकीचा आहे?" मास्तरांना विषय मिळाल्याचा आनंद लपत नव्हता. "माझ्या विषयात पाण्याच्या थेंबाच्या पाठीवर ताण असतो, म्हणून थेंब गोल. भूगर्भवाल्यांच्या खडकात ताण असतो, तो सुटला की भूकंप. गुरांच्या डॉक्टरला विचारा. गाय नव्या गोठ्यात आली की दूध आटतं, तो म्हणतो ताण. प्रत्येकाचा वेगळा आणि प्रत्येकाचा खरा."

"आमच्याकडे तर ताण मुद्दाम देतात," ताई म्हणाली. "फळझाडाचं पाणी तोडायचं. झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, की ते फुलतं. पण ताण दिला म्हणून पाठ फिरवायची नाही हां. रोज पानं बघायची. दुपारी पान मलूल झालं तर चालतं, संध्याकाळी सावरतं. सकाळीच मलूल दिसलं, की त्याच दिवशी पाणी सोडायचं. एक दिवस उशीर झाला तर फांदी गेली."

"बघा!" मोडबाई कठड्यावर थाप मारून म्हणाली. "झाडाकडेसुद्धा रोज बघतात. हिच्याकडे कुणी बघितलं? सगळ्यांनी शेरा लिहिला आणि वही मिटली."

दुसऱ्याच दिवशी ती ताईला घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेली. बाहेर बाकावर आठ-दहा माणसं होती. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे पुढचं सगळं त्यांनीही ऐकलं.

"मी सांगितलं होतं ना, ताण आहे," डॉक्टर म्हणाला.

"किती?"

"काय किती?"

"ताण. किती आहे? कुठे आहे? खेचीचा आहे, दाबाचा आहे, का पिळाचा?"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "बाई, हा तुमच्या मशीनमधला ताण नाही."

"मग कुठला? दातवाला म्हणाला, झोपेतला. व्यायामवाली म्हणाली, मानेतला. तुम्ही म्हणताय मनातला. एकाच बाईच्या अंगात तीन ताण, आणि एकाचाही आकडा कुणाकडे नाही?"

"सगळ्याच गोष्टी मोजता येत नाहीत. आजींची पट्टी अगदी स्वच्छ आहे. हृदय ठणठणीत आहे."

"आजी कुणाची? बहीण आहे ती माझी. आणि पट्टी तुम्ही तिला आडवं झोपवून काढलीत. तिला दुखतं जिना चढताना. मी सळई पकडीत धरली, खेचलीच नाही, आणि खाली 'उत्तम' लिहून सही ठोकली, तर त्या पुलावरून जाल तुम्ही?"

बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टरचे कान लाल झाले. तो ताईकडे वळला आणि गोड आवाजात म्हणाला, "तुमच्या बहिणीलाही बराच ताण दिसतोय. त्यांनाही एखादी गोळी लिहून देऊ का?"

झालं. मोडबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, तिनं ताईचा हात धरला आणि दारात वळून म्हणाली, "मी परत येईन. येईन तेव्हा तुमच्या टेबलावर असा कागद ठेवीन की ही गोळी तुम्हालाच घ्यावी लागेल."

रस्त्यात ताई म्हणाली, "अगं, किती चिडशील? माणूस वाईट नाही तो."

"वाईट नसेल. आंधळा आहे."

त्या संध्याकाळी तिनं कोरी वही काढली आणि पट्टीनं रेघा मारल्या. तारीख, वेळ, काय करत होती, किती भार, कितव्या पायरीला दुखलं, कुठे दुखलं, थांबल्यावर किती मिनिटांत गेलं. मानसिक ताण म्हणतात ना? मग मनाचाही रकाना हवा. हसली, रडली, चिडली, ते तिथं. शेवटी शेरा, तो कोरा. तळाला सहीची जागा.

एखाद्या गोष्टीची खरी तपासणी करायची तर बाकी सगळं सारखं ठेवावं लागतं. म्हणून रोज साडेसहाला चढायचं. म्हणून रोज त्याच चपला. आणि म्हणून ताईच्या हातात रोज तीच कापडी पिशवी, आत बटाटे, लॅबमधून आणलेल्या ताणकाट्यावर मोजून बरोबर चार किलो. "भार बदलला तर नोंदीला काय अर्थ?" मोडबाई म्हणाली. ताईनं पिशवी उचलली. मोडबाई घड्याळ घेऊन तिच्या मागून चढायला लागली. दुखलं की ताईनं म्हणायचं, "आलं."

पहिल्या दिवशी एकेचाळिसावी पायरी. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस. तिसऱ्या दिवशी चाळीस. थांबलं की चार मिनिटांत जायचं. रोपवाटिकेत नुसतं बसून कलमं बांधताना दिवसभर काही नाही.

सहाव्या दिवशी रोपवाटिकेच्या मालकानं जागा विकायची म्हणून सांगितलं. त्रेचाळीस वर्षांची जागा. ताई दुपारभर खोपटात बसून रडली. मनाच्या रकान्यात 'रडली, तीन तास' आणि दुखण्याच्या रकान्यात शून्य. मोडबाईनं त्या शून्याभोवती दोनदा पेन फिरवलं. घ्या! हा तुमचा मानसिक ताण! आणि ज्या दिवशी मास्तरांनी आपल्या एका विद्यार्थ्याचा किस्सा सांगून ताईला पोट धरून हसवलं, त्या दिवशी पस्तिसाव्या पायरीला "आलं." हसण्यानं टळत नव्हतं, रडण्यानं येत नव्हतं. येत होतं ते भारानं, आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर.

हे असं दिसणं मोडबाईच्या ओळखीचं होतं. लॅबमध्ये एक दुसरं मशीन आहे, ते खेचून तोडत नाही. ते थोडाच भार देतं, काढतं, देतं, काढतं, लाखो वेळा. वीस टन सहज पेलणारी सळई त्या मशीनवर सहा टनाला जाते, कारण आत केसाएवढी चीर पडलेली असते आणि ती रोज थोडी पुढे सरकते. बाहेरून काही कळत नाही.

आठव्या दिवशी सकाळी ताई अंथरूण झाडत होती आणि तिथंच खाली बसली. "आलं," ती म्हणाली. भार काहीच नव्हता, हातात एक चादर. संध्याकाळी सत्ताविसाव्या पायरीला. मोडबाईनं दोन्ही गोष्टी आठव्या ओळीतच लिहिल्या. मास्तर दारात उभे होते. त्यांनी वही मागितली, चष्मा वर करून पानभर नजर फिरवली आणि आपली नेहमीची गंमत न करता म्हणाले, "पुरे झालं हे. उद्या हिला मोठ्या दवाखान्यात न्या."

"आठच झाल्यात नोंदी, मास्तर."

"अहो, आठ काय नि—"

"आठ नोंदी घेऊन गेले तर तो पुन्हा हसेल. बारा झाल्या की त्याच्या बापालाही हसता येणार नाही."

मास्तर काहीतरी बोलणार होते, पण तिनं वही त्यांच्या हातातून काढून घेतली होती. ताई स्टुलावर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. ती म्हणाली, "असू द्या हो मास्तर. चारच दिवस राहिलेत."

नऊ, दहा, अकरा. बाराव्या दिवशी ताई मास्तरांच्या दारापर्यंतही पोचली नाही. सोळावी पायरी. कपाळावर घाम, ओठ पांढरे, नऊ मिनिटं. मोडबाईनं लिहिलं, वही मिटली, आणि एकदाच्या बारा झाल्या म्हणून तिला, खोटं कशाला बोला, आत कुठेतरी बरं वाटलं.

तेराव्या दिवशी सकाळी ती आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेली. हो, आधी तिथंच. ताईला बाकावर बसवून दीड तास रांगेत थांबली, कारण तो कागद त्याच टेबलावर आपटायचा होता. आपटला. डॉक्टरनं पहिलं पान वरवर पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढून पुन्हा पाहिलं. शेवटच्या ओळीपर्यंत आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. त्यानं चिठ्ठी लिहिली, मोठ्या दवाखान्याच्या हृदयाच्या डॉक्टरांच्या नावे, आणि वर 'तातडीचे' लिहून खाली रेघ मारली. "ताबडतोब जा," तो म्हणाला. मोडबाईला म्हणायचं होतं, आणि गोळी? पण त्याच्या तोंडाकडे बघून तिनं ते गिळलं. तेवढा विजय पुरेसा होता.

मोठ्या दवाखान्यातल्या हृदयाच्या डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या. केस विस्कटलेले, बोलणं तोडकं. त्यांनी वही घेतली आणि त्यांनी ती खरंच वाचली. बोट ठेवून, ओळ न ओळ. सात आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी बघत होतं. मोडबाईचा ऊर भरून आला.

"हिची पट्टी झोपवून काढली होती," ती घाईघाईनं म्हणाली. "भार न देता. तुमच्याकडे चालवून बघायची तपासणी असते ना? ती करा. आत्ता करा. चालवा हिला."

"हिला आता एक पाऊलही चालवायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी घंटा दाबली आणि चाकाची खुर्ची मागवली. "आम्हीही या तपासणीला ताणाचीच तपासणी म्हणतो. भार वाढवत नेतो, शेजारी डॉक्टर उभा असतो, आणि दुखलं की लगेच थांबवतो. तुटेपर्यंत नेत नाही. ती तपासणी आता करायला नको. ती झालेली आहे. तुम्ही बारा दिवस केलीत."



त्यांनी बोट एका ओळीवर ठेवलं. "ही आठवी. सकाळी, हातात चादर, काही भार नसताना दुखलं. इतकं नेटकं लिहिलंयत तुम्ही. मग त्याच दिवशी का नाही आलात?"

ताईच्या झाडाचं दुपारी मलूल झालेलं पान नव्हतं हे. सकाळचं. एकतीस वर्षं कुणाच्याही प्रश्नाला उत्तर तयार असलेल्या बाईकडे त्या क्षणीही उत्तर होतं, पण ते सांगायची तिला लाज वाटली. बारा व्हायच्या होत्या. एका माणसाचं तोंड बघायचं होतं.

तेवढ्यात खुर्ची आली, ताईला तिच्यात बसवलं, आणि लांबलचक बोळाच्या मध्यावर ताईनं जबड्याला हात लावून हळूच म्हटलं, "आलं." या वेळी ते चार मिनिटांत गेलं नाही आणि नऊ मिनिटांतही गेलं नाही. माणसं धावली. खुर्चीचा पलंग झाला, दारं उघडली आणि मिटली. मोडबाई बोळात उभी राहिली, हातात वही आणि कापडी पिशवी. आज पिशवीत कपडे होते.

दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रक्तवाहिनी उघडली होती, आत जाळी बसवली होती. ताई वाचली होती. पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग मेला होता, तो परत येणार नव्हता. झाऱ्या उचलणं संपलं. तिसरा मजला संपला.

"चार दिवस आधी आले असते तर?" मोडबाईनं विचारलं.

"कदाचित वाचला असता तो भाग. कदाचित नाही."

"किती टक्के?"

"याला आकडा नाही हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "सात आठवडे तुम्हाला इकडून तिकडे फिरवलं, त्यालाही नाही."

मोडबाईला राग आला. कुणाचा ते कळेना. दातवाल्याचा, व्यायामवालीचा, समुपदेशक बाईंचा, कोपऱ्यावरच्या त्या माणसाचा तर होताच, आणि तो काही खोटा नव्हता, तो ती मरेपर्यंत सोडणार नव्हती. पण त्या सगळ्यांच्या रांगेत आता पाचवं माणूस येऊन उभं होतं. त्याच्या हातात घड्याळ होतं आणि ते मागून पायऱ्या मोजत होतं.

तिसऱ्या दिवशी ताईला उशीला टेकून बसता आलं. नळ्या होत्या, पण चेहऱ्याला रंग आला होता. ती बहिणीला म्हणाली, "रागावणार नसशील तर एक सांगते. ते आकडे बरोबर नाहीत गं तुझे."

"म्हणजे?"

"मी उशिरा सांगायचे. दोन पायऱ्या, कधी चार. शेवटच्या दिवशी अकरावीलाच आलं होतं. म्हटलं, आणखी थोडं चढून बघू. तू एवढी वही आखलीस, एवढं मोजतेस. लवकर थांबले तर तुला वाटेल, ताई नाटकं करतेय."

"नाटकं!" मोडबाई एवढ्या जोरानं ओरडली की पलीकडच्या दोन बायका उठून बसल्या आणि नर्स दारातून धावत आली. "अगं, अक्कल आहे का तुला? खोटं सांगितलंस? मला? मी काय तुला परीक्षेला बसवलं होतं?"

"हो," ताई म्हणाली.

नर्सनं मोडबाईला आवाज खाली ठेवायला सांगितला आणि वही मागितली. डॉक्टरीणबाईंना त्या पानाची प्रत हवी होती, कागदपत्रांत लावायला. नर्सनं पान उलटून पाहिलं. "यावर सही नाही. कुणी केलीय ही तपासणी?"

मोडबाईनं वही परत घेतली. पलंगाच्या कडेला बसून तिनं पेन काढलं. आधी पायऱ्यांच्या रकान्यात सोळा खोडून अकरा लिहिले. मग शेऱ्याच्या रकान्यावर तिचा हात थांबला. कारण लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं. तिनं लिहिलं: आठव्या दिवशी सकाळी भार नसताना दुखले. तपासणी थांबवली नाही. चार दिवस चालू ठेवली.

ताई मान तिरकी करून वाचत होती.

"पिशवीचं वजन लिहिलंयस ना?" तिनं विचारलं.

"चार किलो. पहिल्या ओळीत आहे."

"बरं. आणि कुणाच्या हातात होती?"

मोडबाईनं बहिणीकडे पाहिलं. ताईच्या तोंडावर राग नव्हता, निदान दिसत तरी नव्हता. ती उत्तराची वाट बघत होती, लहानपणी पाढे म्हणून घेताना बघायची तशी. मोडबाईचे डोळे भरले, पण तिनं ते पुसले नाहीत.

तिनं लिहिलं, ताईच्या. आणि खाली सही केली.